मथळा एकदाच लिहा

उल्हासनगरच्या जीन्स बाजारातली कच्ची चिठ्ठी बघा. वर एकदाच रकाने: साईज, नग, भाव. खाली नुसते आकडे. प्रत्येक ओळीत पुन्हा ‘साईज’ लिहीत बसणारा माणूस कुठलाही दुकानदार गल्ल्याजवळ ठेवणार नाही.

हीच यादी एआयकडे पाठवायची वेळ आली की मात्र ती बहुधा जेसॉन या माहिती मांडायच्या साच्यात जाते. तिथे दर ओळीला ‘साईज’, ‘नग’, ‘भाव’, वर महिरपी कंस आणि अवतरणचिन्हं. दोनशे ओळी असतील तर हे तीन शब्द सहाशे वेळा. एपीआयचं बिल टोकनवर, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांवर लागतं, आणि कंस-चिन्हांचेही तुकडे पडतातच.

मराठीला हा भुर्दंड जास्त. यूटीएफ-8 मध्ये साध्या इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3. ‘बदलापूर’ म्हणजे 21 बाइट. टोकनायझर, म्हणजे हे तुकडे पाडणारी यंत्रणा, इंग्रजी मजकुरावर घडवला असेल तर आपल्या शब्दांच्या चिंध्या होतात. मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ आणताना ओपनएआयनेच नमुना दिला: एका मराठी मजकुराला आधी 96 टोकन लागत, नव्या टोकनायझरने 33. त्याच मजकुराला इंग्रजीत 27, नंतर 24. म्हणजे तोवर मराठी माणूस तेवढंच बोलायला साडेतीनपट मोजत होता, आणि आपण कुणी ब्रही काढला नाही.

यावर ‘मग इंग्रजीतच लिहा’ असा सल्ला मिळतो. तो साफ चुकीचा आहे. काटछाट सांगाड्याची करा, भाषेची नाही. रकान्यांची नावं वर एकदा, खाली स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी. जुनीपुराणी सीएसव्ही एवढंच करते. 2025 मध्ये आलेल्या टून या नव्या साच्याचा गाभाही तोच. रेल्वेला हे केव्हाच उमगलं, तिचे स्थानकांचे कोड बघा: अंबरनाथ एबीएच, बदलापूर बीयूडी, उल्हासनगर यूएलएनआर. अर्थ सुरुवातीला सांगून ठेवला की पुढे कोड पुरतो.

मात्र काटकसरीच्या भरात काही जण मथळाच उडवतात, तेही घातक. नुसतं ‘32, 28’ दिलं तर 32 कमरेचे 28 नग, की 28 कमरेचे 32? मॉडेल बहुधा विचारत बसणार नाही, ठोकून देईल आणि माल चुकीचा निघेल. वाचवलेल्या टोकनांपेक्षा परत आलेला गठ्ठा महाग पडतो.

हे झालं याद्यांचं. पण अंबरनाथ एमआयडीसीतल्या कामगाराची तक्रार किंवा बदलापूरच्या ग्राहकाचा निरोप ही आकड्यांची यादी नव्हे. तिथे शब्द गाळला की माणसाचं म्हणणंच बदलतं. तेव्हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरापोरींनो, कंस आणि पुनरुक्ती बिनधास्त उडवा, मथळा ठेवा, आणि माणसाच्या मराठीला हात लावू नका.