शेवटच्या गावाचे काका

मनालीला जाऊन आलो, असं या काकांसमोर चुकूनही म्हणू नये. ते आधी चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाला पुसतात आणि दुखवट्याला आल्यासारख्या आवाजात विचारतात, "मनाली? आता काय राहिलंय तिथं?" सिमला त्यांच्या लेखी केव्हाच निकालात निघालंय. कल्पा बरं होतं, पण तिथं हॉटेलं झाली. ताबोचा मठ पाहिला म्हणावं, तर "996 सालचा आहे, ठीक आहे, पण पुढे गेला नाहीत?" पुढे म्हणजे नेमकं कुठे, हे विचारण्यात अर्थ नसतो. आपण जिथवर पोचलो, त्याच्या एक वळण पलीकडे काकांचं गाव सुरू होतं.

असे एक काका कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक सोसायटीत असतात. बहुधा बँकेतून निवृत्त, गुडघे शाबूत, गळ्यात कॅमेरा आणि बोलण्यात मीटर. गावाचं नाव ते उंचीशिवाय घेत नाहीत. "लांगझा, 4400. कॉमिक, 4587." टूरवाल्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "पुरणपोळीच खायची तर हिमालयात कशाला जायचं? तिथलं खावं!" असं ते ठणकावतात. त्यांच्या सॅकमध्ये मात्र मेतकूट, लसणाची चटणी, भाजणी आणि विरळ हवेत हुंगायला कापराची पुडी असते. सॅक काकूंनी भरलेली असल्यामुळे तिची जबाबदारी काकांवर येत नाही.

काकांना वेड 'शेवटच्या गावा'चं. उत्तराखंडातलं माणा त्यांनी भारताचं शेवटचं गाव म्हणून पाहिलं, पाटीशेजारी फोटो काढला, फ्रेम करून हॉलमध्ये लावला. 2023मध्ये तिथं 'भारताचं पहिलं गाव' अशी पाटी लागली. गाव हललं नाही, बद्रीनाथपासूनचं अंतर बदललं नाही. काकांचा फोटो तेवढा उलट्या टोकाचा झाला. मग त्यांनी किन्नौरातलं चितकुल गाठलं. बस्पा नदी, लाकडी घरं, पुढे रस्ता नाही. काकांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि मागून आवाज आला, "अहो, तुम्ही आयडियल कॉलनीतले ना?" त्या दिवशी काका जेवले नाहीत. आपल्याला येता येतं तिथं दुसऱ्यालाही येता येतं, हे त्यांना कुठल्याच उंचीवर पटत नाही.

रस्त्यांवर त्यांचा खास राग. ऑक्टोबर 2020मध्ये रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि काकांनी जाहीर केलं, "लाहौल संपलं!" त्याआधी हिवाळ्यात खिंड बंद झाली की लाहौलचा माणूस महिनोन्‌महिने अडकायचा, आजाऱ्याला बाहेर काढायचं तर हेलिकॉप्टरची वाट बघायची. काका हे सगळं ऐकून घेतात. "ते खरं आहे हो, पण त्यात एक मजा होती." ही मजा त्यांनी जून महिन्यात, ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून अनुभवलेली असते.

स्पितीत पोचले की काका भेटेल त्याला "जुले!" म्हणतात. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या झारखंडच्या मजुरांनाही म्हणतात. तेही बिचारे "जुले साहब" म्हणून फावडं उचलतात. पुढचा कार्यक्रम ठरलेला. हिक्किमला 14,567 फुटांवरच्या पोस्टातून स्वतःच्याच पत्त्यावर कार्ड टाकायचं: 'आम्ही इथं सुखरूप.' कार्ड घरी पोचतं तेव्हा काका आठवडाभर आधीच सुखरूप पोचलेले असतात. कॉमिकला 'मोटारीनं जाता येणारं जगातलं सर्वांत उंच गाव' या पाटीखाली एक फोटो, आणि डोकं ठणकायला लागायच्या आत खाली.

मुक्काम लांगझाला, एका मातीच्या घरात. काका आल्याआल्या घराचा फोटो काढतात, पण वायर, डिश आणि काळी पाण्याची टाकी कापून. संध्याकाळी लोखंडी तंदूरभोवती बसून ते घरच्या बाईंना समजावतात, "यहां पानी पच्यासी डिग्री पे ही उबलता है, इसलिए दाल नहीं पकती." बाई मान डोलावतात आणि कुकरची तिसरी शिट्टी झाल्यावर डाळ उतरवतात. मग काका मूळ विषयावर येतात. "आप लोग कितने सुखी है. कोई टेन्शन नहीं!"

"टेन्शन है जी," बाई म्हणतात. "मटर तोड़ लिया, गाड़ी नहीं आई."

उन्हाळ्याच्या अखेरीस खाली मैदानात ताजा मटार नसतो, तेव्हा स्पितीचा मटार बाजारात येतो. घराची वर्षाची रोख कमाई बरीचशी त्यावर, मुलाची चंदीगडची फीही त्यावरच. पोती दारात पडून आणि ट्रक वाटेत दरडीमागे अडकलेला. बाईंनी विचारलं, "आपके यहां मटर क्या भाव है?" काकांना उंची पाठ होती, भाव नव्हता. भाव काकूंनी सांगितला. बाई तंदूरपासून उठल्या त्या काकूंशेजारी येऊन बसल्या, आणि मटारापासून सुनेपर्यंत गप्पा रंगल्या.

जेवणानंतर काकांनी स्पितीच्या कोरड्या संडासावर छोटं भाषण केलं. पाणी लागत नाही, वर माती टाकायची, खत शेताला जातं. सारं जग याच्यापासून शिकेल. पहाटे तीन वाजता, कानटोपी घालून, हातात टॉर्च घेऊन त्या भोकासमोर उभं राहिल्यावर "काझाच्या हॉटेलात फ्लश आहे का गं?" असं त्यांनी काकूंना विचारलं.

घरी परतल्यावर दोघंही स्पितीबद्दल सांगतात. काका नऊ गावं सांगतात, उंचीसकट. काकू एकच सांगतात, पण त्या घरात हिवाळ्यासाठी शेणी किती रचल्या होत्या, ट्रक शेवटी कधी आला आणि मुलगा कशात नापास झाला, हे सगळं त्यात येतं.

तेव्हा तुम्ही निघालात तर रस्ता काकांना विचारा. तो त्यांना तोंडपाठ आहे. मुक्काम मात्र काकूंच्या पद्धतीनं करा. यादीतली दोन गावं खोडा आणि एका गावात दोन रात्री जास्त राहा. विरळ हवेची सवय व्हायला डॉक्टरही हेच सांगतात. आणि निघण्याआधी मटारचा भाव विचारून घ्या.