क्षितिजरावांचा प्रलंबित दावा

कल्याण स्थानक मागे टाकून गाडी कर्जतच्या रोखाने वळली, की उजव्या हाताच्या खिडकीशी उभा असलेला, वृत्तपत्र न वाचणारा, डुलकीही न घेणारा, आणि दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनींची चौकट करून तीमधून एक डोळा मिटून मलंगगडाकडे पाहणारा जो गृहस्थ हमखास आढळतो, त्यास मी क्षितिजराव म्हणतो. हे नाव मी ठेवलेले. शिधापत्रिकेवर त्याचे नाव निराळे असते, आणि खरे पाहता तो एक इसम नसून एक वर्ग आहे. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत भातखाचरांच्या जागी जी गृहसंकुले उठली, त्या प्रत्येकात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीइतका अपरिहार्य असा एक तरी क्षितिजराव असतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे; चाकरी फोर्टातल्या एखाद्या बँकेत अथवा विम्याच्या कचेरीत; आणि बदलापूर ते बोरीबंदर हे ६८ किलोमीटरांचे अंतर जाता-येता उभ्याने कापण्याचा कित्येक वर्षांचा रियाज. दिवसातून दोन वेळा ज्याच्या नाकापुढे कोणाची तरी पाठ आणि त्या पाठीवर कोणाची तरी बॅग असते, त्यास विशाल दृश्यांची ओढ लागावी यात नवल नाही. नवल एवढेच, की ते विशाल दृश्य कोणत्या भिंगातून पाहावे, याचा निर्णय त्याच्याने आजतागायत झालेला नाही.

दावा असा आहे. वादी फिश-आय, प्रतिवादी अल्ट्रा-वाइड. दोघेही रुंद नजरेचे, परंतु स्वभावाने परस्परविरुद्ध. अल्ट्रा-वाइड हा सरळमार्गी गृहस्थ. सरळ रेषा सरळच दाखवीन अशी त्याची प्रतिज्ञा, आणि ती पाळण्यासाठी चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या कोणत्याही निरपराध वस्तूस वाटेल तितके ताणावयास तो मागेपुढे पाहत नाही. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर १४ मिलिमीटरचे भिंग लावले, तर कर्णाच्या रेषेत त्यास ११४ अंशांचा मुलूख दिसतो. त्यापलीकडे मात्र ही प्रतिज्ञा उत्तरोत्तर महाग पडत जाते, आणि १८० अंशांवर तर चित्राची कड अनंतात जाते, म्हणजे गणितच हात टेकते. फिश-आय असली प्रतिज्ञा घेण्याच्या भानगडीतच पडत नाही. चौकटीच्या ऐन मध्यातून जाणारी रेषा तेवढी तो सरळ ठेवतो, बाकीच्या सर्वांस कमान करावयास लावतो, आणि या मोबदल्यात एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पुरते १८० अंश पदरात टाकतो. क्षितिज मध्यावर ठेवले तर ते शहाण्यासारखे आडवे राहते. कॅमेरा किंचित वर उचलला की ते खाली पोट काढते, आणि खाली झुकवला की पाठीस कुबड आणते. क्षितिजरावांच्या आयुष्यात जे काही नाट्य आहे, ते या पोटाच्या आणि कुबडाच्या दरम्यान घडते.

त्यांची विद्वत्ता मात्र खरी आहे, आणि तिचा लाभ बदलापूरपासून ठाण्यापर्यंत सर्वांस विनामूल्य होतो. तळ्यातला मासा वर पाहतो तेव्हा पाण्याबाहेरचे अवघे अर्धगोल जग त्यास सुमारे ९७ अंशांच्या शंकूत आवळलेले दिसते. हे दृश्य माणसाने पाहावे म्हणून रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने पाण्यातून छायाचित्रे काढण्याची युक्ती केली आणि १९०६ साली या दृष्टीस माशाच्या डोळ्याचे नाव दिले. पुढे केंब्रिजच्या रॉबिन हिलने सगळे आकाश ढगांसकट एका चित्रात यावे म्हणून १९२०च्या दशकात तसे भिंगच घडवले. (वनस्पतिशास्त्र शिकलेल्या वाचकांस ठाऊक असलेली ‘हिल अभिक्रिया’ याच हिलची. एका मनुष्याने पानाच्या आत आणि आभाळाच्या बाहेर अशी दोन्हीकडे नजर टाकावी, हे मला फार आवडते.) १९७० साली निकॉनने ६ मिलिमीटरचे एक भिंग लोकांपुढे ठेवले, ते २२० अंश पाहत असे, म्हणजे छायाचित्रकाराच्या पाठीमागचेही थोडेसे, वजन पाच किलोंहून अधिक. हे सांगताना क्षितिजरावांचा स्वर असा कातर होतो, की शेजारचा प्रवासी आपण होऊन त्यांस चौथी सीट देऊ करतो. अर्जुनास माशाच्या डोळ्याचा तेवढा वेध घ्यावयाचा होता, आणि यांस माशाच्या डोळ्यातून सर्व काही पाहावयाचे आहे. लक्ष्यभेद कोणाचा झाला, हे महाभारतात नमूद आहेच.

या पंचक्रोशीत निसर्गचित्रण करू इच्छिणाऱ्यास आणखी एक संकट आहे, आणि ते रेल्वेने निर्माण केलेले आहे. मुंबईहून निघाल्यावर डाव्या हाताचे ते पश्चिम आणि उजव्या हाताचे ते पूर्व, हा शिरस्ता कल्याणपर्यंत कसाबसा चालून जातो. कल्याणपुढे कर्जतचा फाटा आग्नेयेस वळतो, परंतु शिरस्ता काही वळत नाही. परिणामी अंबरनाथ-बदलापुरास ज्यास पश्चिम म्हणतात ती वस्तुतः ईशान्य, आणि ज्यास पूर्व म्हणतात ती नैर्ऋत्य. उल्हास नदी आणि बॅरेज धरणाची बाजू ती पश्चिम, आणि सूर्य उगवतो तो तिकडून. मावळतो तो पूर्वेस, डोंगराआड. नवशिका क्षितिजराव सूर्योदय टिपण्यासाठी काळोखात उठून, मफलर गुंडाळून, मोठ्या निष्ठेने बदलापूर पूर्वेच्या टोकाशी जाऊन उभा राहतो, आणि उजेड पाठीमागून आल्यावर ज्या मुद्रेने वळून पाहतो, ती मुद्रा टिपावयास कोणतेही भिंग चालेल. मुरलेला क्षितिजराव मात्र मुद्दाम तेथेच जातो. कारण मलंगगड, ताहुली, नवरा-नवरी, म्हैसमाळ, चंदेरी, नाखिंड, पेब अशी माथेरानपर्यंत गेलेली जी रांग, तिच्या तोंडावर कोवळे ऊन पडते ते त्याच घटकेस.

मात्र रुंद भिंगाची खरी परीक्षा डोंगरापुढे होत नाही; ती अंबरनाथच्या शिवालयापुढे होते. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलाहारकालीन लेख असलेले हे देऊळ वालधुनीच्या काठी, उतरत्या जागेत असे वसले आहे, की ते सबंध दृष्टीस यावे म्हणून चार पावले मागे सरावे, तर पाठीशी दुसरेच काही लागते. येथे क्षितिजरावांस मी जवळून पाहिले आहे. तिवई लावावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी, आणि अर्ज लिहिण्यातच त्यांचा एक पावसाळा गेलेला. तेव्हा त्यांनी दोन्ही गुडघे फरशीवर टेकले, कोपरे छातीशी आवळली, भ्रमणध्वनीतील पाणसळ कॅमेऱ्याच्या माथ्यावर ठेवली, आणि ती घसरू नये म्हणून हनुवटीने दाबून धरली. अल्ट्रा-वाइड वर उचलताच देऊळ आरामखुर्चीत बसल्यासारखे मागे रेलले आणि कडेची सुरसुंदरी कमरेत हातभर लांबली. भाड्याने आणलेला फिश-आय लावताच शिखर वाकून त्यांच्याच अंगावर आले आणि चौकटीच्या तळाशी त्यांच्या स्वतःच्या चपला उमटल्या. सोमवार होता, तांब्या आणि बेल घेऊन आलेल्या एका आजीबाई बराच वेळ हा विधी न्याहाळून म्हणाल्या, “अरे बाबा, देव आत असताना तू बाहेरच का लोटांगण घालतोस?” १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेची मंडळी येथे येऊन कोरीव कामाचे साचे घेऊन गेली होती, साच्यात सुरसुंदरी लांबत नाही, हा त्या जुन्या पद्धतीचा निःसंशय फायदा.

भाड्याचे भिंग येते ते उल्हासनगरातून. महायुद्धातल्या लष्करी छावणीत, फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी मंडळींनी जे शहर उभे केले, ज्यास १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि जेथे पत्ता अजूनही कॅम्पच्या आकड्यावरूनच सांगतात, तेथील एका दुकानात हा दावा एकदा रीतसर सुनावणीस निघाला. क्षितिजरावांनी आपली कैफियत सांगितली. दुकानदाराने ती हिशेबाच्या वहीवरची नजर न काढता ऐकून घेतली आणि विचारले, “साईं, लग्नं करता का?”

“माझं झालेलं आहे,” क्षितिजराव म्हणाले.

“शूटिंग, शूटिंग. लग्नाला फिश-आय न्या. स्टेजवरचं अख्खं खानदान एका फोटोत. वाइडमध्ये कोपऱ्यातली मावशी डबल होते, मग पेमेंट अडकतं.”

ऑप्टिक्सच्या कोणत्याही ग्रंथात हा सिद्धान्त याहून स्वच्छ मांडलेला मला आढळलेला नाही. क्षितिजरावांनी नम्रपणे निवेदन केले, की आपला विषय डोंगर, नदी आणि आकाश असा असून त्यात मावशी नाही. दुकानदाराने प्रथमच मान वर केली. “डोंगराचं पेमेंट येतच नाही, साईं,” तो म्हणाला, आणि प्रकरण तहकूब झाले.

घरी या दाव्याकडे पाहण्याची दृष्टी निराळी आहे. “माशाचा डोळा आम्ही मांजरीला टाकतो,” एवढेच बोलून वहिनी आत जातात. किमतीचा उच्चार त्या करीत नाहीत, कारण तो आकडा त्यांस अद्याप कळवण्यात आलेला नाही. तथापि क्षितिजराव अगदीच भिंगात बुडालेले आहेत असे कोणी समजू नये. २०१९च्या जुलैअखेरीस उल्हास नदी पात्र सोडून वस्तीत शिरली, बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि तिच्यातल्या हजारावर प्रवाशांस बाहेर काढावे लागले, त्या दिवशी एरवी ज्याच्या शोधात ते वणवण करीत ते अखंड, अबाधित, जलमय क्षितिज त्यांच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीशी येऊन ठेपले होते. कॅमेऱ्याची पेटी त्यांनी माळ्यावर फेकली, आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांची धान्याची पिंपे, गॅसच्या टाक्या आणि एक अर्धांगवायूचे आजोबा दुसऱ्या मजल्यावर चढवण्यात सबंध दिवस घालवला. ते चित्र कोणत्या भिंगाने घ्यावयास हवे होते, याची चर्चा त्यांनी पाणी ओसरल्यावर केली. पण ओसरल्यावरच केली.

आता मला या प्रकरणी मत विचाराल, तर ते असे, की आपल्या मुलखात रुंद भिंगाने अधिक दिसते हीच अडचण आहे. जे अधिक दिसते ते म्हणजे उच्च दाबाच्या तारा, मोबाइलचे मनोरे, तेविसाव्या मजल्यावर फडकणारे बिल्डरचे फलक आणि कोणी तरी वाळत घातलेली सतरंजी. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो मलंगगड, ज्याच्या सुळक्यांचे कौतुक वाटून गोऱ्या साहेबाने त्यास कॅथीड्रल रॉक म्हटले, तो अंबरनाथहून १४ मिलिमीटरच्या भिंगात चित्राच्या उंचीचा जेमतेम पंधरावा-विसावा हिस्सा व्यापून वारुळासारखा कोपऱ्यात बसतो. रुंद भिंग जवळच्यास मोठे करते आणि दूरच्यास दूर लोटते. पायाशी भाताची लावणी, पाण्याने तुडुंब खाचर किंवा निदान एखादा देखणा कातळ असेल, तरच ते हाती घ्यावे. शिवालयाच्या अंगणात घ्यावे. फिश-आय रात्रीच्या आकाशासाठी आणि साईंच्या लग्नांसाठी राखावा. मलंगगडास मात्र साधे ८५ मिलिमीटरचे भिंग लावावे. त्यात तो चित्राच्या उंचीचा तिसरा हिस्सा घेतो आणि डोंगरासारखा दिसतो.

हा निकाल मी क्षितिजरावांस पारसिकच्या बोगद्यात ऐकवला. मुंब्र्यापर्यंत ते गप्प होते. दिव्यास त्यांनी विचारले, की ८५ घ्यावयाचेच, तर सरळ सत्तर-दोनशेच का घेऊ नये. आणि डोंबिवली येईतो शंभर-चारशेचेही नाव पटावर आले होते. वाचकांपैकी कोणापाशी असले भिंग कपाटात पडून असेल, तर त्यांनी कृपा करून निदान हा पावसाळा तरी ते क्षितिजरावांस दाखवू नये. वहिनींस अजून पहिल्याच दाव्याचा खर्च कळवावयाचा आहे.