कपाशीच्या हंगामाचा कालपट एक्सेलमध्ये कसा आखावा

यवतमाळ शहराला चिकटून असलेल्या लोहाऱ्यात, जेथे एका अंगाला औद्योगिक वसाहतीचे भोंगे आणि दुसऱ्या अंगाला अद्याप तग धरून राहिलेली कपाशीची वावरे अशी दुहेरी शेजारवस्ती आहे, तेथे राहणाऱ्या आणि उभा जन्म तहसिलीच्या दप्तरात मुदती देण्यात व वाढवण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या सेवानिवृत्त इसमाने थोरल्या बंधूंच्या शेतीस शिस्त लावण्याचे मनावर घ्यावे, हे क्रमप्राप्तच होते. कारखान्यात नियोजनाचे काम पाहणाऱ्या पुतण्याने मला ती विद्या दिली. तीच येथे लोककल्याणार्थ नमूद करतो.

प्रथम तीन स्तंभ आखावेत : काम, प्रारंभ, दिवस. कामांच्या स्तंभात वखरणी, पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी आणि वेचणी ही नावे अनुक्रमे लिहावीत. येथवर कोणताही शाळकरी मुलगा पोहोचतो. खरी कसोटी तारखेपाशी आहे. मृगाचा मुहूर्त धरून पेरणीपुढे मी श्रद्धापूर्वक ७/६ असे लिहिले. परंतु ज्या संगणकाची तारीख अमेरिकी रिवाजाने बांधलेली असते, तो महिना आधी वाचतो, आणि त्याने एक शब्दही न बोलता माझी पेरणी ६ जुलैला नेऊन ठेवली. पुढे सावधगिरीने १३/६ लिहिले, तर तेरावा महिना त्याच्या पंचांगात नसल्याने त्याने ती तारीख मानलीच नाही. साधा मजकूर म्हणून कप्प्याच्या डाव्या कडेला टेकवून ठेवली, आणि आलेखात त्या कामाची पट्टी शून्यापासून, म्हणजे १९०० सालापासून सुरू झाली. आमच्या घराण्यात कामे रेंगाळतात हे मान्य. पण इतकी नाहीत. (या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० ही कधीही न उगवलेली तारीखदेखील बाकायदा दाखल आहे, लोटस १-२-३ या जुन्या आज्ञावलीची ती चूक एक्सेलने सुसंगतीसाठी जाणूनबुजून वारशाने घेतली. दप्तरात एकदा चढलेली नोंद खोडत नाहीत, हे तत्त्व सर्वत्र सारखेच आहे.) सबब, महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे.

आता आलेख. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने हा तक्ता ओळखला जात असला, तरी पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने त्याच जातीची आकृती १८९६ सालीच योजली होती. श्रेय आणि काम यांच्या पट्ट्या एकाच रेषेवर येतातच असे नाही. एक्सेलच्या आलेखांच्या यादीत गँटच्या नावाचा प्रकार नसल्याने थोडे कपट करावे लागते. रचित आडव्या पट्ट्यांचा आलेख घ्यावा. त्यात प्रत्येक कामाला दोन पट्ट्या मिळतात, पहिली प्रारंभापर्यंतची आणि दुसरी प्रत्यक्ष कामाची. त्यांपैकी पहिलीचा रंग काढून टाकावा, की ती असूनही दिसत नाही आणि दुसरी अधांतरी तरंगू लागते. वेचणी वर आणि वखरणी तळाशी असा उफराटा क्रम दिसल्यास घाबरू नये. उभ्या अक्षाच्या गुणधर्मांत क्रम उलटण्याची सोय आहे. आडव्या अक्षाचा किमान आकडा ४५८०९ ठेवावा, कारण एक्सेलच्या लेखी १ जून २०२५ म्हणजे इतकेच.

सुट्ट्यांविषयी वेगळी मसलत हवी. ‘नेटवर्कडेज’ नावाचे सूत्र शनिवार-रविवार आपणहून वगळते, परंतु तणाला रविवार ठाऊक नसतो. उलट पोळ्याच्या दिवशी बैल जुंपण्याची कोणाची छाती नसते, आणि पिठोरी अमावास्येची इंग्रजी तारीख दरसाल बदलत असल्याने ती हाताने भरावी लागते. पावसाचा स्तंभ मी दोनदा घातला आणि दोनदा काढला.

रंगहीन पट्टीचे माहात्म्य मला हळूहळू उमगले. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग २००८ साली मंजूर झाला आणि त्यातील वर्धा ते कळंब एवढा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, एक्सेलच्या भाषेत ४५३५० या दिवशी, सुरू झाला. सरावासाठी मी तो मांडून पाहिला, तेव्हा पडद्यावर कोरेपणाच इतका ऐसपैस पसरला की रंगीत पट्टीसाठी भिंगाची गरज भासावी.

अखेर कागद गोठ्याच्या खांबाला डकवला. बंधूंनी तो निरखून पाहिला आणि वेचणीच्या अलीकडील लांबलचक कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

“हे पांढरं काय होय? कापूस?”

“नाही दादा, ती नुसती वाट पाहणे आहे. ती दाखवायची नसते.”

“काहून? सगळ्यात मोठी तर थेच हाय. तिले रंग दे.”

थोरल्यांचा हुकूम म्हणून मी त्या पट्ट्यांना गडद काळा रंग भरला आणि झेरॉक्सच्या दुकानात कागद छापावयास दिला. फवारणीच्या ओळीपाशी शाई संपली; वेचणी कोरीच राहिली.