हिरव्या टोपीचा रुबाब

गाडीची ऐपत पूर्वी नंबर प्लेटवरून ओळखत. आता टायरच्या व्हॉल्व्हवरच्या, नायट्रोजनची खूण असलेल्या हिरव्या टोपीवरून ओळखतात. "साहेब, साधी भरू की नायट्रोजन?" असं पंपावरच्या पोराने चारचौघांत विचारलं की 'साधी' म्हणायला जीभ रेटत नाही. कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारा गृहस्थही चार चाकांसाठी निमूट पाकीट काढतो.

आणि विकत काय घेतो? जे त्याच्या टायरात आधीच ७८ टक्के भरलेलं असतं ते.

फायदा अगदीच थाप नाही. नायट्रोजन रबरातून ऑक्सिजनपेक्षा सावकाश झिरपतो. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी मासिकाने ३१ प्रकारचे टायर ३० पीएसआयला भरून वर्षभर ठेवले. हवेचे सरासरी ३.५ने उतरले, नायट्रोजनचे २.२ने. वर्षाकाठी कमाई १.३ पीएसआय! 'नायट्रोजन तापला तरी फुगत नाही' हे मात्र पंपावरचं पुराण. तापमान दहा अंश चढलं की दोन्हींचा दाब दीडेक पीएसआयने वाढतोच.

विमानांची बाब निराळी. १९८६ मध्ये मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग ७२७चा ब्रेक तापला, हवा भरलेला टायर फुटला आणि १६७ जणांचा जीव गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांना नायट्रोजन सक्तीचा केला. आपली हॅचबॅक सिंहगड रस्त्यावर दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, हा तपशील विक्रेता सोयीने गाळतो. २०१९ मध्ये नितीन गडकरींनी राज्यसभेत टायरातल्या नायट्रोजनचा विषय काढला, तेव्हापासून तर या टोपीला राजमान्यताच मिळाल्यासारखं झालं.

आता पंपावरची प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. टायरात २५ पौंड (म्हणजे पीएसआय) असतात, हवे असतात ३२. खरं तर जुनी हवा पूर्ण सोडून मग नायट्रोजन भरायचा. पण मागे सहा गाड्या हॉर्न वाजवत असतात. पोरगा नळी लावतो, वरचे सात पौंड नायट्रोजन भरतो, मशीन वाजतं, टोपी बसते. आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून जेमतेम १८वर आलेला असतो. मालकाचा रुबाब मात्र शंभर टक्के शुद्ध. त्या भरवशावर तो पुढचे सहा महिने दाब बघत नाही, आणि टायर फुटतात ते नेमके कमी दाबाने तापून.

तेव्हा वाचकहो, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा एकदा वाचा आणि टायर थंड असताना महिन्यातून एकदा तेवढी हवा भरून घ्या. पंपावर ती फुकट द्यायची असा नियम आहे. स्टेपनीतही भरा.