चौथाईचा हक्क

पुणे शहरात संग्राहक म्हणून प्रतिष्ठा मिळवावयाची असेल, तर जमविलेली वस्तू निदान पेशवाईच्या आसपासची असावी आणि ती ठेवावयास घरात स्वतःच्या मालकीची माडी असावी, हे दोन दंडक या शहराने कोणत्याही ठरावावाचून मंजूर करून टाकलेले आहेत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी 1920 च्या सुमारास दिवे, दौती, वज्री, अडकित्ते असा संसारातून हद्दपार होऊ घातलेला ऐवज गोळा करावयास आरंभ केला आणि अखेरीस हजारो वस्तूंचा तो संभार 1975 साली शासनाच्या स्वाधीन केला. त्यामुळे शुक्रवार पेठेतील त्यांचे संग्रहालय पाहावयास शाळेची सहल गेली असता ‘संग्रह हा राष्ट्राचा ठेवा होय’ असे उद्गार खुद्द गुरुजींच्या तोंडून बाहेर पडले. हे उद्गार मी घरी येऊन आईच्या कानावर घातले आणि माझ्या पलंगाखालील पत्र्याच्या डब्यासही राष्ट्रीय दर्जा मिळावा, असा अर्ज सादर केला. आईने तो उभ्या उभ्या निकालात काढला. “केळकरांच्या अडकित्त्याने निदान सुपारी तरी कातरता येते,” ती म्हणाली.

डब्यात क्रिकेटपटूंची चित्रे होती. हा संग्रह माझी स्वकष्टार्जित मिळकत नव्हे. ते वतन होते आणि थोरल्या भावाकडून माझ्याकडे चालत आले होते. मूळ वतनदार म्हणजे आमचा दादा. 1987 साली रिलायन्स चषकाच्या निमित्ताने जगज्जेतेपदाची स्पर्धा या देशात भरली, तिच्यातील इंग्लंड आणि श्रीलंका यांचा सामना 30 ऑक्टोबर रोजी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर झाला आणि त्या सुमारास आमच्या पेठेतील यच्चयावत मुले ‘बिग फन’ नावाचे बबलगम चघळू लागली. गमाबरोबर क्रिकेटपटूचे चित्र मिळे, त्यावर काही धावा किंवा बळी छापलेले असत आणि त्यांची बेरीज फुगवीत नेणे हाच पुरुषार्थ गणला जाई. गमाची गोडी पहिल्या पाच मिनिटांत संपे आणि पुढे केवळ कर्तव्यबुद्धीने जबडा चालवावा लागे. चित्र ठेवून गम टाकून द्यावा, हा सरळ मार्ग कोणासही सुचला नाही, कारण पुणेरी बालकास पैसे मोजून घेतलेली वस्तू टाकणे जन्मतःच अशक्य असते.

यात आम्ही काही अपूर्व करीत होतो, असा दादाचा समज होता. प्रत्यक्षात ही विद्या परदेशी होती. अमेरिकेतील तंबाखूचे कारखानदार एकोणिसाव्या शतकातच सिगारेटची पाकिटे चेपू नयेत म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालीत असत आणि कोरा कागद फुकट जातो हे पाहून त्यावर नट्या, पक्षी आणि बेसबॉलपटू छापीत असत. पुढे तंबाखूची जागा गमाने घेतली आणि बापाच्या व्यसनावर पोसलेला छंद मुलाच्या स्वतःच्या दातांवर येऊन पडला. होनस वॅग्नर या थोर बेसबॉलपटूने 1909 च्या सुमारास आपले चित्र तंबाखूबरोबर विकावयास हरकत घेतली. मुलांना तंबाखूची चटक लागू नये हा त्याचा हेतू होता असे काही सांगतात, तर त्याला मोबदला कमी वाटला असे काही म्हणतात, आणि आमच्या पेठेत वाढल्यामुळे माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. हरकतीचा परिणाम असा झाला की, त्याची चित्रे अगदी थोडी बाहेर पडली आणि त्यांपैकी एक 2022 साली साडेबहात्तर लाख डॉलरांना गेले.

आमच्या दौलतीला शिस्त लावली ती आजोबांनी. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताला लिहावयास काही उरले नव्हते, आणि ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू अस्तित्वात नाही अशी त्यांची नोकरीतील श्रद्धा निवृत्तीनंतर अधिकच दृढ झाली होती. त्यांनी लाल कापडी पाठीची एक वही काढली, फूटपट्टीने रकाने आखले आणि त्यांवर ‘अनुक्रम’, ‘इसमाचे नाव’, ‘धावा’, ‘बळी’, ‘कोणाकडून आले’ व ‘शेरा’ अशी शीर्षके मोडी वळणाच्या देवनागरीत घातली. शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद होता. कपिलदेवाच्या पुढे ‘उजवा कोपरा दुमडलेला, गमाचा गुलाबी डाग, तथापि मुद्रा प्रसन्न’ अशी नोंद होती आणि वेंगसरकरांपुढे ‘डबल; अदलाबदलीस मोकळे’ एवढेच होते. वरच्या मजल्यावरील मुलाशी एखादा व्यवहार झाला की उभयतांच्या सह्या घेतल्या जात आणि साक्षीदार म्हणून आजीचे नाव पडे. आजी जागी असावीच असा नियम नव्हता.

वतन माझ्या हाती आले तोवर काळ बदलला होता. गमाची चित्रे मागे पडून तुळशीबागेत ट्रम्प कार्डांचे संच मिळू लागले होते. त्यांत कुस्तीगीरांचाही संच असे आणि दंडाचा घेर, छातीचे माप, जिंकलेल्या लढती असे आकडे पुकारून प्रतिपक्षाचा पत्ता जिंकून घ्यावयाचा असे. परंतु दंडाच्या घेरात मला कधी काव्य दिसले नाही. माझी सारी भिस्त ब्रायन लारावर होती. 1994 साली त्याने इंग्लंडविरुद्ध 375 धावा काढल्या होत्या आणि ‘उच्चतम धावसंख्या’ असे पुकारून तो पत्ता टाकला की समोरच्याने निमूटपणे आपला पत्ता सरकवावा, असा रिवाज पडून गेला होता. एका लाराच्या बदल्यात पाच पत्ते, हा आमच्या जिन्यावरील सरकारी भाव होता.

29 फेब्रुवारी 1996 रोजी हा भाव कोसळला, आणि तोही आमच्याच गावात. नेहरू स्टेडियमवर केनियाने 166 धावा केल्या होत्या. दोन वेळा विश्वचषक जिंकलेला वेस्ट इंडीजचा संघ त्यांचा पाठलाग करावयास उतरला आणि 93 धावांत गारद झाला. लारा आठ धावांवर रजब अलीच्या चेंडूवर यष्टीमागे झेल देऊन परतला. झेल घेणारा तारिक इक्बाल हा चष्मा लावणारा, देहाने भरदार असा गृहस्थ होता आणि त्यास पाहून आमच्या वाड्यातील प्रत्येक काकांस आपलेही आयुष्य वाया गेले नसल्याचा प्रत्यय आला. संध्याकाळी जिन्यावर वरच्या मजल्यावरील मुलाने लाराच्या बदल्यात एकच पत्ता देऊ केला आणि तोही झिंबाब्वेचा. मी आजोबांकडे अपील दाखल केले. त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि निर्णय दिला की, मैदानावर काहीही घडो, जोवर कंपनी नवा आकडा छापून पाठवीत नाही तोवर दप्तरी 375 हाच आकडा ग्राह्य धरावा. कायद्याने मी जिंकलो. बाजाराने मात्र हा निकाल जुमानला नाही.

खरी पंचाईत मॉरिस ओडुंबेची झाली. केनियाच्या त्या कप्तानाने दहा षटकांत अवघ्या पंधरा धावा देऊन तीन बळी घेतले होते, सामनावीर ठरला होता, आणि आमच्या कोणत्याही संचात त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा दादाने एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्याचे चित्र काढले, खाली आकडे लिहिले आणि कडा कात्रीने गोल केल्या. चित्र ओडुंबेपेक्षा आमच्या दूधवाल्याशी अधिक जुळत होते. हा पत्ता खेळात चालेल की बनावट समजून जप्त होईल, यावर जिन्यात दोन तट पडले. अखेर आजोबांनी पाठीमागे ‘अस्सल उपलब्ध नसल्याने हातची नक्कल मंजूर’ असा शेरा मारून खाली लफ्फेदार सही ठोकली. पत्त्याच्या दुसऱ्या अंगास ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ ही अक्षरे अर्धी कापलेली दिसत, त्यामुळे तो पत्ता हातात आहे हे समोरच्यास आधीच कळे, हा त्यातील एकमेव दोष होता.

पुढील दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत आईने डबा रद्दीवाल्यापुढे ठेवला. त्याने पत्ते तराजूत टाकून, गुळगुळीत कागद रद्दीत चालत नाही, पुठ्ठ्याच्या भावाने घेतो, असे सांगितले, आणि लारा, कपिलदेव व मंजूरशुदा ओडुंबे साबणाच्या खोक्यांबरोबर त्या भावाने रवाना झाले. वही वाचली, कारण तिची निम्मी पाने कोरी होती. आईने त्यांवर दुधाचा हिशेब मांडला आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘पातळ’ असे लिहू लागली. डब्यात रवा आला.

2022 साली मिकी मॅण्टल या खेळाडूचे 1952 सालचे टॉप्स कंपनीचे चित्र लिलावात एक कोटी सव्वीस लाख डॉलरांना, म्हणजे सुमारे शंभर कोटी रुपयांना विकले गेल्याचे वाचून मी वर्तमानपत्र आईपुढे धरले. सोबत मीच तिला समजावून सांगितले की, ही चित्रे दुर्मिळ झाली त्याची कारणे दोन: न खपलेला माल कंपनीच्या साय बर्गर यांनी, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, 1960 साली तराफ्यावर लादून अटलांटिक महासागरात बुडविला, आणि घरोघरी जी उरली होती ती मुले शिकावयास बाहेरगावी गेल्यावर त्यांच्या आयांनी केरात टाकली. आई लक्षपूर्वक ऐकत होती. मग तिने चष्मा काढून विचारले, “म्हणजे आयांनी टाकली म्हणून किंमत वाढली?” मी होकार दिला, आणि तिथेच फसलो. “मग कोणाकडे तरी राहिलेल्या त्या लाराची किंमत मीच वाढवून ठेवली आहे. त्यातली चौथाई माझी.” मुलूख लुटून वर चौथाई मागावयाची ही परंपरा पुण्यास नवीन नसल्याने मला युक्तिवाद सुचेना. दादास दूरध्वनीवरून हे वृत्त कळताच मूळ वतनदार या नात्याने त्याने शेकडा दहा सरदेशमुखीचा दावा लावला. दोन्ही दावे मी तत्त्वतः मान्य केले आहेत. मूळ रक्कम कोणती धरावयाची एवढाच वाद शिल्लक असून, दादा ती मॅण्टलच्या लिलावावरून ठरवा म्हणतो, आणि आई म्हणते, पुठ्ठ्याचा त्या दिवशीचा भाव तिने वहीत लिहून ठेवलेला आहे.