पाचवारी शब्द

सुरतेत, आमच्या उधन्याच्या घरात सकाळी आधी गॅसवर दूध चढतं, मग सौभाग्यवतींची हाक येते, "अहो, मध्ये ओ आणि शेवटी टी असलेला पाच अक्षरी शब्द सांगा", आणि मग दूध उतू जातं. मी इतका विचारात पडतो की गॅस बंद करायचं कोणालाच सुचत नाही. शब्द मात्र सापडत नाही तो नाहीच.

या रोगाचं नाव वर्डल. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनिअरने तो आपल्या जोडीदारासाठी, पलक शाह यांच्यासाठी तयार केला. हे मी शेजारच्या काकींना वाचून दाखवलं, तर आडनावावर त्या थांबल्याच. "शाह? एटले आपणा ज!" पुढचा तपशील त्यांनी ऐकला नाही. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात. त्यातले ओळखीचे तेवढे पलकबाईंनी निवडले आणि उत्तरांसाठी जेमतेम अडीच हजार उरले. 1 नोव्हेंबर 2021 ला हा खेळ 90 जण खेळत होते, दोन महिन्यांत 3 लाख झाले, आणि जानेवारी 2022 संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने तो विकतही घेतला. विक्रीचं ऐकताच काकींचे कान पुन्हा टवकारले. "जोयुं? में शुं कह्युं? आपणा ज!"

खेळ सोपा आहे. सहा वेळा अंदाज करायचा. अक्षर नेमक्या जागी बसलं तर चौकोन हिरवा, अक्षर आहे पण जागा चुकली तर पिवळा, आणि अक्षरच नसेल तर ग्रे. माझं पहिलं भांडण या ग्रेशी. मी रिंग रोडवरच्या मार्केटात साड्यांच्या पेढीवर हिशेब लिहितो. आमच्याकडे ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड. ताकेच्या ताके मिलमध्ये जातात आणि रंगून, छापून येतात. म्हणजे ग्रे ही सुरुवात. इथे ग्रे म्हणजे बाद!

दुसरं भांडण मोजमापाचं. 'सुरत' हा शब्द मराठीत तीन अक्षरी. इंग्रजीत नेसवायला पाच लागतात. 'क्षत्रिय'ही मराठीत तीनच अक्षरांत उभा राहतो, इंग्रजीत मात्र त्याला मोजून नऊ लागतात, म्हणजे चक्क नऊवारी. वर्डलला फक्त पाचवारी चालते. कमी पडलं तर ब्लाउजपीस जोडून देण्याची सोय नाही.

एकदा शेठना विचारलं, "चार अक्षरी 'लूट' इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. त्याला एस लावला की पाच होतात. चालेल?" चूक झाली. महाराज जानेवारी 1664 मध्ये सुरतेत येऊन गेले, 1670 मध्ये पुन्हा आले, तेव्हापासून मी पगारवाढ मागितली की शेठ गल्ल्यावर हात ठेवून म्हणतात, "फरी आव्या?"

गेल्या रविवारी घरात पैज लागली. आपल्या गावातलं कुठलं नाव हा खेळ घेतो? हरणाऱ्याने सगळ्यांना लोचो खिलवायचा. पहिला मान अर्थात लोचोलाच. खमण बिघडलं आणि त्याचा लोचो झाला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. एल ओ सी एच ओ, मोजून पाच. खेळाने सगळी ओळ हलवून नकार दिला. मग उधना. पुन्हा पाच, पुन्हा नकार. चौदा वर्षं हप्ते भरून घेतलेलं घर त्याच्या यादीतच नव्हतं. मग डुमस. घेतलं! मुलगी टाळ्या पिटत असतानाच मी कोशात पाहिलं. डुमा म्हणजे रशियाच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह, त्याचं हे अनेकवचन. निघालो होतो समुद्रावर भजी खायला, उतरलो मॉस्कोत.

शेवटी मी छाती ठोकून म्हणालो, "सुरत." सौ. म्हणाल्या, "विशेषनाम घेत नाहीत, हराल." एस यू आर ए टी. एंटर दाबलं आणि चौकोन एकेक करून उलटले. घेतलं की! काकींना हाक गेली, लोचोची ऑर्डर गेली, वर सेव आणि तेल जास्त, असंही सांगून झालं. लोचो येईपर्यंत पुन्हा कोश उघडायची दुर्बुद्धी मला झाली.

सुरत: जाडाभरडा सुती माल.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग हिंदुस्थानातून गाठी गेल्या. पश्चिम हिंदुस्थानातल्या कापसाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. धागा आखूड, त्यात कचरा; मागावर सारखा तुटे, आणि मजुरी विणलेल्या कापडावर, त्यामुळे विणकर रडकुंडीला येत. कोणीतरी कापसासाठी प्रार्थना करत होता, तेव्हा मागून आवाज आला, "देवा, दे, पण सुरत नको", असा किस्सा सांगतात.

मी मोबाइल खाली ठेवला. त्या गाठींत आमच्या खानदेशचा कापूस नसेल कशावरून? वाढला धुळ्याकडे, नाव पडलं सुरत. माझं तरी दुसरं काय झालंय? इथे सगळे मला 'मराठी' म्हणतात आणि धुळ्याच्या लग्नात 'सुरतवाल्यांना आधी वाढा' अशी हाळी होते. दोन्हीकडे अक्षर बरोबर, जागा चुकलेली. मी मूर्तिमंत पिवळा चौकोन.

सोमवारी पेढीवर शेठना सगळं सांगितलं. इंग्रजांच्या कोशात आपलं गाव हलका माल म्हणून नोंदलंय, देवाकडेसुद्धा तक्रार गेली होती, असं म्हणताना माझा आवाज जरा जड झाला. शेठनी बिलावरची नजरसुद्धा काढली नाही.

"माल पाछो आव्यो?"

"परत कसला येतोय शेठ, दुसरा होताच कुठे त्यांच्याकडे!"

"तो पछी," शेठ म्हणाले, "शेनुं रडो छो?"