पॉलीकर

पुण्यात पॉलीकर ओळखणं अवघड नाही. सिग्नलला त्याची पोलो उभी असते आणि तिच्या नंबरप्लेटवरचे आकडे नीट वाचता येत नाहीत. तुमचा चष्म्याचा नंबर वाढलेला नाही, गाडीच थरथरतेय. आत एसी चालू, पाय ब्रेकवर, डॅशबोर्डवरचा गणपती सारखा मान डोलावतोय आणि मागे बसलेल्या आईच्या बांगड्या त्याला साथ देताहेत. चालकाच्या चेहऱ्यावर मात्र समाधी लागल्याचं सुख.

आडनाव कुलकर्णी असो की शिंदे, गाडीचं इंजिन ज्या रबरावर बसवलेलं असतं ते कंपनीचं रबर काढून तिथे पॉलियुरेथेन बसवलं की माणूस पॉलीकर होतो. शिक्षण बहुधा मेकॅनिकल, नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअरची. हातून निसटलेलं मेकॅनिकल तो शनिवार-रविवारी जॅक लावून गाडीखाली शोधत असतो.

गॅरेजमध्ये ज्याला फाउंडेशन किंवा माउंटिंग म्हणतात, तोच हा भाग. इंजिन कधी नुसतं पत्र्याला आवळून टाकत नाहीत. पोलोचं आडवं इंजिन एका बाजूने स्वतःच्या आणि दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर पेललेलं असतं. खाली एक छोटा दांडा असतो, त्याला सगळे डॉगबोन म्हणतात. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन मागे कलायला बघतं, त्याला हा दांडा धरून ठेवतो. तिन्ही ठिकाणी रबर असतं. चार सिलिंडरचं इंजिन साडेसातशे आरपीएमवर नुसतं उभं असलं, तरी सेकंदाला पंचवीस ठोके देतं. ते ठोके रबर मुकाट्याने गिळतं आणि तुम्ही निवांत गाणी ऐकता.

पॉलीकरला ते ठोके परत हवे असतात. तो त्याला ‘फील’ म्हणतो.

म्हणजे बघा, १९३१ साली क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीचं इंजिन रबरावर तोलून धरलं आणि ‘फ्लोटिंग पॉवर’ म्हणून त्याचा डांगोरा पिटला. लगेच पुढच्या वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ती युक्ती परवाना घेऊन उचलली आणि आपल्या बोधचिन्हात पोहणारा हंस आणून ठेवला. पुढे काही माउंटिंगांच्या पोटात द्रवसुद्धा भरला गेला, का तर उरलीसुरली थरथर जिरावी. नव्वद वर्षं इंजिनिअरांनी घाम गाळून जे घालवलं, ते हा गृहस्थ आठवड्याच्या दोन सुट्ट्यांत आणि स्वतःच्या पैशाने परत आणतो.

पॉलियुरेथेन ही मूळची जर्मन चीज. ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलेली. आज ती गादीच्या फोममध्ये असते, बुटाच्या तळव्यात असते. पॉलीकरच्या घरात ती गादीत आहे म्हणून झोप लागते आणि गाडीत आहे म्हणून उडते.

त्याचा युक्तिवाद तसा पक्का असतो. पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली, आपल्या चाकणच्या कारखान्यातून, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क घेऊन. एवढ्यात त्याचं भागलं नाही म्हणून त्याने इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून घेतला, म्हणजे रीमॅप केलं. टॉर्क वाढला म्हणून इंजिन जास्त हलायला लागलं. जोरात निघताना पुढची चाकं पकड सोडून थडथडायला लागली, त्याला व्हील हॉप म्हणतात. ते थांबवायला पॉली. अगदी बरोबर! फक्त तो रोज जातो वाकड ते हिंजवडी, आणि त्या तुंबलेल्या रस्त्यावर व्हील हॉप करून दाखवणाऱ्याचा महानगरपालिकेने सत्कार करायला हवा. २०२२ मध्ये भारतात पोलो बंद झाली तेव्हापासून तर त्याच्या प्रेमाची भक्ती झाली आहे. ‘आता अशी गाडी होणार नाही,’ असं तो गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतो.

या मंडळींत वर्णव्यवस्थाही आहे, आणि ती ‘शोअर’वर चालते. शोअर ए हे रबराचा कडकपणा मोजायचं माप. टायरचा तळ साठ-सत्तरच्या आसपास, मॉलमधल्या ट्रॉलीचं कडक चाक नव्वदच्या पुढे. दोन पॉलीकर भेटले की एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करण्याआधी ‘किती शोअर?’ विचारतात. नुसता डॉगबोनमध्ये पॉलीचा इन्सर्ट ठोकलेला तो नवशिका, त्याला रविवारच्या नाश्त्याला कोपऱ्यातली खुर्ची. तिन्ही माउंटिंग बदललेला तो मध्यभागी. आणि पंच्याण्णव शोअरवाला एक असतो, त्याच्याशी फारसं कुणी बोलत नाही, कारण त्याला गाडीतून उतरल्यावर अर्धा तास ऐकू येत नाही.

त्याच्या वडिलांनी उमेदीची वर्षं प्रीमियर पद्मिनीवर काढली आहेत. ते पहिल्यांदा गाडीत बसले, सोसायटीच्या फाटकापर्यंत गेले आणि म्हणाले, “अरे, फाउंडेशन गेलंय हिचं. दाखवून घे.”

“बाबा, परवाच नवीन टाकलंय.”

“मग फसवलंय तुला.”

बाबांचं निदान चुकीचं म्हणता येत नाही. जुनं रबर फाटून लोखंडाला लोखंड लागलं की गाडी जशी हादरते, तशीच ती नवं कोरं महागडं पॉली टाकल्यावर हादरते. नाक्यावरचा मिस्त्रीही बॉनेटवर हात ठेवून तेच सांगतो. फरक इतकाच, की पहिल्या प्रकारात माणूस गॅरेजला पळतो आणि दुसऱ्यात गॅरेजमधून हसत बाहेर येतो.

तक्रार केलीत तर उत्तर तयार असतं, “हजार किलोमीटर जाऊ दे, सेटल होतं.” थोडंफार होतंही. पण जास्त सेटल होतात घरचे. बायको लिपस्टिक घरूनच लावून निघायला शिकते. आई बांगड्या पर्समध्ये ठेवते. बाबा बसने जातात.

पाहुण्याला मात्र सुटका नाही. तुम्ही पट्टा लावता न लावता तोच तो विचारतो, “काही फील होतंय?” तुम्ही सभ्यपणे “हो, दाढ,” म्हणता. तो खूश होऊन म्हणतो, “बघ, कनेक्टेड वाटतं ना गाडीशी!”

आता त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पहाटे पाच वाजता ताम्हिणी घाटात तो तुम्हाला घेऊन गेला, तर वळणातून बाहेर पडताना पाय दाबल्याबरोबर गाडी पुढे झेपावते. मधे इंजिनाचं ते आळसावून मागे रेलणं नाही, पाय सोडल्यावरचा हिसका नाही. मॅन्युअल गाडी असेल तर गिअरही नेमका पडतो. शर्यतीच्या गाडीत कडक माउंटिंग टाकतात ते याचसाठी, आणि तिथे ते शोभतं. तेलाने, उष्णतेने रबर फुगतं, तडकतं. पॉली तेलाला सहसा दाद देत नाही. घाटातली ती वीस मिनिटं त्याची आहेत, हे मान्य. परतीच्या वाटेवर चांदणी चौकातली गर्दी लागते, हे त्याने मान्य करावं.

एक सांगून ठेवतो. सेकंडहँड पोलो घ्यायला जाल, तेव्हा इंजिन गरम झाल्यावर एसी लावून, ऑटोमॅटिक असेल तर गिअर डीमध्ये टाकून, ब्रेकवर पाय ठेवून दोन मिनिटं बसा. आरशातली मागची बस दुहेरी दिसली, तर भाव लगेच पाडू नका. पॉलीकर कंपनीची मूळ माउंटिंग कधीही भंगारात देत नाही. ती त्याच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असतात. आधी ती मागून घ्या, मग भावाचं बोला.